पिवळा अजगर, पांढरा नाग आणि ६६ टक्के हेट : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात परदेशी पाळीव सापांच्या रंगांवर अर्धं पान लिहिलं होतं, त्यावर एवढे मेसेज येतील असं वाटलं नव्हतं. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, दोन-तीन जणांची भाषा थोडी सभ्य केली आहे. साप घरात पाळावेत का नाही यावर भांडायला आलेल्यांना यावेळी सुट्टी, तो विषय वेगळा आणि त्याला अख्खा अंक लागेल.

प्रश्न : अल्बिनो म्हणजे पांढराफटक ना? मग पुण्यातल्या माझ्या मावसभावाकडचा अल्बिनो बॉल पायथन पिवळाधमक कसा काय? त्याला फसवलं का?
– बारावी सायन्स, राजारामपुरी

नाही फसवलं, बॉल पायथनमध्ये (हा आफ्रिकेतला लहान अजगर) खरा अल्बिनो पिवळाच असतो. आपल्या डोक्यात अल्बिनो म्हटलं की पांढरा ससा नाहीतर पांढरा उंदीर येतो, कारण ससा-उंदीर-माणूस यांच्या अंगात रंग म्हणून मेलॅनिनच काय ते, ते बंद पडलं की पांढरं. सापाचं तसं नाही. त्याच्या कातडीत रंगाच्या तीन जातीच्या पेशी असतात, एक काळा-तपकिरी मेलॅनिन बनवणाऱ्या, दुसऱ्या पिवळा-लाल रंग साठवणाऱ्या, आणि तिसऱ्यांत रंग नसतोच, तर बारीक स्फटिक असतात त्यावरनं उजेड परावर्तित होतो. अल्बिनोमध्ये फक्त पहिल्या पेशींचं काम बंद पडतंय. झेरॉक्सच्या दुकानातल्या कलर प्रिंटरची काळी शाई संपली तरी पिवळा आणि लाल छापून येतोच की, तसंच हे. म्हणून बॉल पायथनमध्ये जिथं काळं होतं तिथं पांढरं झालं आणि जिथं तपकिरी-सोनेरी होतं तिथं नुसतं पिवळं उरलं. कॉर्न स्नेक या अमेरिकी सापाच्या अंगात मुळात लाल-केशरी जास्त, त्यामुळं त्याचा अल्बिनो निघतो लालभडक. डोळे बघा, दोन्हीकडं गुलाबी-लाल असतील, कारण डोळ्यातलं मेलॅनिन गेलं की आतल्या रक्ताचा रंग दिसतो.

तुला अपेक्षित होता तसा पूर्ण पांढरा साप पण असतो, त्याला ल्युसिस्टिक म्हणतात, त्याचे डोळे मात्र लाल नसतात, काळे किंवा निळे असतात. बॉल पायथनमध्ये मोहावे नावाच्या मॉर्फची (मॉर्फ म्हणजे रंग-नक्षीचा आनुवंशिक प्रकार) जोडी लावली तर चारात एक पिल्लू असं पांढरंशुभ्र निळ्या डोळ्यांचं निघू शकतंय, आणि आईबाप दोघंही दिसायला तपकिरीच.

बारावीला आहेस म्हणून आणखी थोडं. अल्बिनो हा एकच जीन नाही. ईस्टर्न मिशिगन युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी २०२२ मध्ये हे तपासलं, साप पाळणाऱ्यांकडनं टाकलेल्या काती मागवल्या आणि त्यातनं डीएनए काढला, सापाला सुईसुद्धा टोचली नाही. साध्या अल्बिनो बॉल पायथनमध्ये टायरोसिनेज नावाच्या एन्झाइमचा जीन बिघडलेला निघाला आणि लॅव्हेंडर अल्बिनो म्हणून जो दुसरा पिवळा प्रकार मिळतो त्यात ओसीए-टू नावाचा दुसराच. माणसांतल्या अल्बिनिझममागंही बऱ्याचदा याच दोनपैकी एक जीन असतो. आता याचा अर्थ काय होतो बघ, अल्बिनो आणि लॅव्हेंडर अल्बिनो अशी पिवळी-पिवळी जोडी लावली तर सगळी पिल्लं साधी तपकिरी निघणार! कारण बापाकडं जे बिघडलंय ते आईकडं चांगलं आहे आणि आईकडं बिघडलंय ते बापाकडं चांगलं. बऱ्याच हौशी लोकांनी इथं कपाळावर हात मारून घेतलाय, आणि मग विकणाऱ्याशी भांडण. विकणाऱ्याचा काही दोष नसतो त्यात.

प्रश्न : एकजण बॉल पायथनचं पिल्लू विकतोय, दिसायला एकदम साधं आहे पण तो म्हणतो "६६ टक्के हेट अल्बिनो" आहे म्हणून साध्यापेक्षा भाव जास्त. दोन घेतली तर मोठी झाल्यावर अल्बिनो पिल्लं निघतीलच म्हणतो. ६६ अधिक ६६ म्हणजे शंभराच्या वर झालं की ओ. घेऊ का?
– यंत्रमागवाला, इचलकरंजी

साहेब, कापडाच्या धंद्यात असून असा हिशेब कसा केलात! बसा, सविस्तर सांगतो, कारण या महिन्यात सगळ्यात जास्त मेसेज याच ६६ वर आलेत.

प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईची एक बापाची. अल्बिनो रिसेसिव्ह आहे, म्हणजे दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तरच साप पिवळा. एकच बिघडली असेल तर दुसरी चांगली प्रत काम भागवून नेते आणि साप दिसायला हुबेहूब साधा, पण पोटात बिघडलेली प्रत घेऊन फिरतोय. त्याला हेट म्हणायचं. डोळ्यांनी ओळखायची कुठलीही खूण नसते, पोटावरचे ठिपके बघा नाहीतर शेपटीची रेघ बघा असं कोण सांगत असेल तर ऐकून सोडून द्या.

आता दोन पक्के हेट जोडले की प्रत्येक अंड्यामागं चारात एक अल्बिनो, चारात दोन हेट, चारात एक पूर्ण साधा. अल्बिनो पिल्लं तर कळतात, ती बाजूला काढली. उरलेल्या साध्या दिसणाऱ्यांत सरासरी तिनात दोन हेट, पण कुठली दोन ते देवालाच ठाऊक. म्हणून सगळ्यांवर ६६ टक्क्यांची चिठ्ठी. पिल्लात ६६ टक्के अल्बिनो भरलंय असा त्याचा अर्थ नाही, ते एकतर हेट आहे नाहीतर नाही, ६६ हा तुमच्या-माझ्या माहितीचा आकडा आहे, सापाचा नाही. याच्या जोडीला "५० टक्के हेट" पण विकतात, ती म्हणजे एक हेट आणि एक साधा यांची पिल्लं.

तुमची दोन पिल्लं घ्या. दोन्ही हेट असण्याची शक्यता दोन तृतीयांश गुणिले दोन तृतीयांश, म्हणजे ९ त ४, साधारण ४४ टक्के. बेरीज नाही, गुणाकार. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा जोडी जमणारच नाही, आयुष्यभर अंडी घातली तरी एक अल्बिनो निघणार नाही. समजा जमली, तरी बॉल पायथन काय कोंबडी नाही, मादी तयार व्हायला तीनेक वर्षं, मग वर्षाला फार तर एकदा अंडी आणि ती पण सहाच्या आसपास. दोन पक्क्या हेटच्या सहा अंड्यांत एकही अल्बिनो न निघण्याची शक्यता १८ टक्के आहे. चारात एक म्हणजे चार अंड्यांत एक ठरलेलाच असं नसतंय, प्रत्येक अंड्याला नशीब नव्यानं फिरतंय.

मग करायचं काय? खरंच हौस असेल तर एक अल्बिनो नर घ्या, डोळ्यांनी दिसणारा, आणि ६६ टक्केवाली मादी. मादी हेट असेल तर निम्मी पिल्लं अल्बिनो यायला पाहिजेत. एक जरी पिवळं पिल्लू अंड्यातनं डोकं काढून बसलं तर विषय संपला, मादी शंभर टक्के हेट. आणि सहाच्या सहा साधी निघाली तर ६६ चा आकडा घसरून ३ टक्क्यांवर येतो, म्हणजे तिचा नाद सोडलेला बरा. पण त्या घाण्यातनं निघालेली साधी दिसणारी सगळी पिल्लं मात्र पक्की हेट, कारण बाप अल्बिनो आहे, एक बिघडलेली प्रत त्यानं दिलीच. याला "शंभर टक्के हेट" म्हणतात आणि चिठ्ठीवर भरवसा ठेवायचाच तर एवढ्याच चिठ्ठीवर ठेवावा, तो पण बापाला समोर बघून.

भावाचं बोलाल तर, १९९२ साली अमेरिकेत बॉब क्लार्क या ब्रीडरनं पहिल्यांदा अल्बिनो बॉल पायथनची पिल्लं काढून हा गुण पुढच्या पिढीत उतरतो हे दाखवलं, तेव्हा त्या पिल्लांच्या किमती ऐकून लोकांचे डोळे फिरले होते. आज तिकडं तोच अल्बिनो अगदी सर्वसाधारण माल समजला जातो. रंग तोच, जीन तोच, फक्त आता सगळ्यांकडं आहे. तुमचं पिल्लू मोठं होईपर्यंत भाव कुठं असेल याचा विचार तुम्हीच करा, सुताच्या भावाचा अनुभव तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आहे.

आणि कागद. बॉल पायथन सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी करावी लागते, २०२४ च्या नियमांप्रमाणं ती केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर होते, पिल्लं झाली, कुणाला दिली, मेली, सगळं कळवायचं असतंय. विकणारा "कागद नंतर देतो" म्हणाला तर ६६ टक्के काय आणि शंभर टक्के काय, घेऊ नका.

प्रश्न : माझ्या स्पायडर बॉल पायथनची मान सारखी वाकडी होते, उंदीर पकडताना नेम चुकतो, कधीकधी उलटा होऊन छताकडं बघत बसतो. कुणी म्हणतं कॅल्शियम कमी, कुणी म्हणतं टँक बदल. डॉक्टरांनी तपासलं, इन्फेक्शन नाही म्हणाले. काय करू?
– शाहूपुरी

टँक बदलून काही होणार नाही, हा दोष त्या नक्षीबरोबरच येतो. स्पायडर म्हणजे अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेघा असलेला मॉर्फ, डॉमिनंट आहे, एकच प्रत असली तरी दिसतो, म्हणून आईबापांपैकी एक स्पायडर असला की निम्मी पिल्लं स्पायडर. आणि त्यातल्या प्रत्येकात हा तोल जाण्याचा प्रकार कमी-जास्त असतोच, इंग्रजीत त्याला वॉबल म्हणतात. कुणाची मान नुसती थोडी हलते, कुणी स्वतःभोवती मळसूत्रासारखा पीळ घालतो.

बरीच वर्षं लोक म्हणायचे की चांगल्या रक्ताशी जोडत गेलं की वॉबल निघून जाईल. पिढ्यान् पिढ्या जोडून बघितलं, नक्षी राहिली की वॉबल राहिला. २०२२ मध्ये स्पायडर सापांच्या कानाच्या आतल्या भागाची तपासणी छापून आली, त्यात तोल सांभाळणारा आतल्या कानाचा भागच वेडावाकडा बनलेला दिसला. याचं कारण काय असावं ते पण समजण्यासारखं आहे. गर्भात रंगपेशी जिथनं निघतात त्या न्यूरल क्रेस्ट नावाच्या भागातल्याच काही पेशी आतल्या कानातही जाऊन बसतात, त्यामुळं रंगाच्या जीनमध्ये गडबड झाली की कधीकधी कानात पण होते. निळ्या डोळ्यांची पांढरी मांजरं बऱ्याचदा बहिरी असतात ते याच जातीचं प्रकरण.

तर तुम्ही काय करायचं. औषध नाही. कॅल्शियमची पावडर उंदरावर लावून उपयोग नाही. उंच फांद्या काढून टाका, पडला तर इजा होईल, लपायची जागा घट्ट आणि अंधारी द्या, जिवंत उंदीर अजिबात देऊ नका, नेम चुकला की उंदीरच सापाला चावतो, मेलेला उंदीर चिमट्यानं तोंडाजवळ धरून द्या. घाबरला, तापमान कमी-जास्त झालं किंवा फार हाताळलं की वॉबल वाढलेला दिसतो, तेव्हा पाहुणे आले म्हणून बाहेर काढून दाखवणं बंद. नीट खात असेल, वजन धरून असेल तर असे साप बरीच वर्षं जगतात. पण याची पिल्लं काढू नका, हे मी स्पष्टच सांगतो. वाकडी मान विकत घेणारा पण असतो, "बघ कसा नाचतोय" म्हणून व्हिडिओ टाकणारा पण असतो, म्हणून आपण पुरवठा करायचा असं नाही.

हीच भानगड वुमा आणि शॅम्पेन या मॉर्फमध्ये पण आहे. विकत घ्यायच्या आधी फोटो बघून भागत नाही, साप जमिनीवर चालताना बघा, मान सरळ ठेवतो का, पालथा केल्यावर स्वतःहून लगेच सरळ होतो का. फोटोत वॉबल दिसत नाही.

प्रश्न : आमच्या उसाच्या फडात तोडणीच्या वेळी पांढरा नाग निघाला, डोळे लाल. गावात कुणी म्हणतं देवाचा आहे, कुणी म्हणतं लाखात जातो, कुणी म्हणतं धामणीशी जुगला म्हणून असा झाला. सर्पमित्र घेऊन गेले. खरं काय?
– शेतकरी, करवीर तालुका

सर्पमित्रांना बोलावलंत ते बेस केलंत. लाल डोळे म्हणजे अल्बिनो, आणि नागात पण तो रिसेसिव्हच प्रकार. आईबाप दोघंही साधे दिसणारे पण एकेक बिघडलेली प्रत घेऊन फिरणारे असणार, कधीतरी गाठ पडली आणि हे पिल्लू निघालं. रानात असे क्वचित मोठे होतात, पांढरा साप घारीला, मुंगसाला लांबनं दिसतो. उसात आडोसा भरपूर आणि उंदीर भरपूर, तिथं एखादा टिकतो.

पांढरा म्हणून विष कमी असं समजू नका, रंगाचा आणि विषाचा संबंध नाही, चावला तर तेवढंच धोक्याचं. थेट सरकारी दवाखाना, मांत्रिक नाही.

धामणीचं म्हणाल तर ही गोष्ट आपल्याकडं प्रत्येक गावात आहे, धामण ही नागाची मादी. तसं काही नाही. नागाची मादी नागीणच असते आणि धामणीत नर धामण पण असतो, दोन्ही वेगळ्या कुळातले, त्यांची पिल्लं होत नाहीत. दोन साप एकमेकांना पीळ घालून उभे राहतात ते बघून लोक उपरणं टाकायला धावतात, पण ते बहुतेक वेळा दोन नर धामणी कुस्ती खेळत असतात. कोल्हापुरात कुस्ती ओळखता येऊ नये म्हणजे काय!

लाखाच्या गोष्टीबद्दल. आपल्याकडचा कुठलाही रानातला साप पकडून ठेवणं, विकणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, मग तो पांढरा असो, काळा असो, पट्ट्याचा असो. मांडुळाच्या नादानं किती पोरं आत गेली ते पेपरात वाचताच. परदेशी रंगीत सापांचा बाजार बघून इथं काहीजणांना वाटायला लागलंय की आपल्या अल्बिनो धामणीला पण तसाच भाव मिळेल, त्यांना एवढंच सांगा की बाजारातले ते साप पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेले असतात. कॉर्न स्नेकचा सगळा अल्बिनो गोतावळा अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात १९५३ साली सापडलेल्या नरापासनं सुरू झाला असं मानतात, त्याच्यापासनं पिल्लं काढणारे बर्नार्ड बेक्टेल हे पेशानं त्वचेचे डॉक्टर होते. आपल्याकडं तो रस्ता कायद्यानं बंद आहे आणि बंदच राहिलेला बरा. पुढच्या वेळी जवळपास सर्पमित्र नसेल तर वनखात्याचा १९२६ नंबर लावा.

एक जाताजाता, डोळे लाल नसून धुरकट निळे असतील आणि अंग मळकट पांढरट दिसत असेल तर तो अल्बिनो नाही, कात टाकायच्या बेतात आहे. चार-आठ दिवसात पुन्हा पहिल्यासारखा.

प्रश्न : माझ्या बनाना नरापासनं झालेली बनाना पिल्लं जवळजवळ सगळी नरच निघतात. इनक्युबेटरच्या तापमानामुळं होतंय का? कासवात तसं असतं म्हणे.
– राजारामपुरी

कासवात असतं, मगरीत असतं, सापात नसतं. तुमचा नर "मेल मेकर", म्हणजे मुलगेच काढणारा आहे. बनाना या मॉर्फचा जीन लिंग ठरवणाऱ्या क्रोमोसोमवरच बसलेला आहे. नराला तो बापाकडनं आला असेल तर वाय क्रोमोसोमवर आला, आणि वाय तो फक्त मुलग्यांना देणार, म्हणून बनाना मुलगे आणि साध्या मुली. आईकडनं आला असता तर उलटं झालं असतं. अधूनमधून क्रोमोसोममध्ये अदलाबदल होते म्हणून एखादी बनाना मुलगी पण निघते, तिला जपा. गंमत म्हणजे सगळ्या सापांत पक्ष्यांसारखी झेड-डब्ल्यू पद्धत, म्हणजे पिल्लाचं लिंग आईकडनं ठरणारी, असते असंच पुस्तकांत छापलेलं होतं, २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की अजगर आणि बोआमध्ये आपल्यासारखं एक्स-वाय आहे. ब्रीडर लोक त्याआधीपासनं वहीत लिहून ठेवत होते की हा नर मुलगेच काढतोय.

प्रश्न : पिल्लू घेतलं तेव्हा लिंबासारखं पिवळं होतं, दोन वर्षांत मळकट झालं. एकजण रंग खुलवायची पावडर विकतोय, घेऊ का?
– गडहिंग्लज

पेस्टल नावाचा मॉर्फ असणार. पेस्टल लहानपणी झळकतो आणि वयाबरोबर तपकिरी होत जातो, तुमच्या सांभाळण्यात काही चुकलेलं नाही. बनानावर पण वय वाढलं की काळे ठिपके उमटतात. म्हणून घेताना पिल्लाचा नाही, त्याच्या आईबापाचा आत्ताचा फोटो मागायचा. पावडर घेऊ नका, त्या पैशात थर्मोस्टॅट घ्या.